सर्दी छातीत उतरण्याआधी: दमा नव्याने कळलेल्यांसाठी

मला दमा आहे हे कळलं तेव्हा मी ३६ वर्षांची होते. डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले, कसे ओढायचे ते दाखवलं, धूळ-धूर टाळा म्हणाले. सर्दीबद्दल ते काही बोलले असतील तर माझ्या डोक्यात शिरलं नाही. धूळ वाईट हे लगेच पटतं. पडसं काय, सगळ्यांनाच होतं.

पुढच्याच सर्दीत समजलं. पहिल्या दिवशी घसा खवखवला, दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, तिसऱ्या दिवशी मी घरच्यांना म्हटलं, "आता उतार पडतोय." चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते. पंप दाबला की फुस्स आवाज यायचा आणि छातीत काहीच फरक पडायचा नाही. तो संपला होता. संपलेला पंपही फुस्स करतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच सर्द्या झाल्या. तेवढ्या अनुभवावर हे लिहितेय. तुमचं औषध आणि त्याचं प्रमाण तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचं, केव्हा काय बघायचं आणि कुठे फसायला होतं, एवढंच इथे सांगते.

१. आधी हे समजून घ्या: नाकातली सर्दी छातीपर्यंत का जाते

सर्दीचे विषाणू पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत जास्त आढळतो तो ऱ्हायनोव्हायरस. त्याचे १६० हून अधिक प्रकार आहेत आणि ते ए, बी, सी अशा तीन गटांत मोडतात. सी गट २००६ मध्ये उजेडात आला. मुलांचा दमा जोरात उसळतो त्यामागे बऱ्याचदा हाच गट असतो. इतके प्रकार असल्यामुळे एकदा सर्दी झाली म्हणून पुढची टळत नाही, आणि साध्या सर्दीवर लसही नाही.

दमेकऱ्यांना सर्दी जास्त वेळा होते असं मला वाटायचं. तसं नाही. २००२ साली ब्रिटनमध्ये ७६ जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडप्यातल्या एकाला दमा होता, दुसऱ्याला नव्हता. ऱ्हायनोव्हायरस दोघांनाही साधारण सारख्याच प्रमाणात झाला, पण दमा असलेल्याची छाती जास्त भरली आणि जास्त दिवस भरलेली राहिली. एकाच घरातला तोच विषाणू एकाच्या नाकात थांबतो आणि दुसऱ्याच्या छातीत उतरतो.

याचं कारण श्वासनळ्यांच्या अस्तरात आहे. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते. आजूबाजूच्या पेशींना मारलेली ती हाक असते: दारं लावून घ्या. दमेकऱ्यांपैकी अनेकांच्या अस्तरात ही हाक उशिरा आणि क्षीण जाते, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यात आपल्या नळ्या आधीच सुजलेल्या असतात. मग तीन गोष्टी एकदम होतात: सूज वाढते, चिकट कफ साचतो, आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात.

हे तिन्ही लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तातडीचा पंप, म्हणजे बहुतेकांकडे असतो तो साल्ब्युटामॉलचा, फक्त स्नायू सैल करतो. तो काही मिनिटांत काम करतो, पण सूज आणि कफ त्याच्या हाताबाहेरचे. सूज उतरवणारी औषधं वेगळी आणि सावकाश चालणारी. रोजच्या स्टेरॉइड पंपाचा पूर्ण गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. स्टेरॉइडच्या गोळीलासुद्धा निदान चार तास हवेत. पहाटे साडेतीनला या दोन्हींपैकी काहीच कामाला येत नाही. ती वेळ आधीच साधावी लागते.

२. सर्दी नसताना जमवायचं सामान

अंगात बरं असताना हे गोळा करा:

- लेखी आराखडा. एका कागदावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन भाग, आणि प्रत्येकात कुठलं औषध किती घ्यायचं ते. डॉक्टर आपणहून देतीलच असं नाही, मागून घ्या. "सर्दी झाली तर काय करायचं?" हा प्रश्न वेगळा विचारा आणि त्याचं उत्तरही त्याच कागदावर लिहून घ्या.
- रोजचा पंप आणि तातडीचा पंप. दोन्हींची मुदत बघा. तातडीचा एक जास्तीचा ठेवा.
- स्पेसर. पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी. लहान मुलांसाठी मास्कवाला.
- पीक फ्लो मीटर. जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचं साधन. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना हे नीट जमत नाही.
- एक वही. मोबाइलही चालेल, पण रात्री दोनला वही पटकन सापडते.
- औषधांची यादी. चालू औषधं, कशाची ॲलर्जी, स्टेरॉइडच्या गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या, दम्यासाठी कधी दाखल व्हावं लागलं का. धाप लागलेली असताना हे तोंडी सांगता येत नाही. घडी करून पाकिटात ठेवा.

पीक फ्लोचं जरा सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस इथेच कंटाळतो. दमा आटोक्यात असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंका. उभं राहून, काटा शून्यावर आणून, तीनदा. त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहा. दोन आठवड्यांतला सर्वांत मोठा तो तुमचा उत्तम आकडा. माझा ४२०. त्याचे ८० टक्के म्हणजे ३३६, त्याच्या वर असले तर हिरवा. निम्मे म्हणजे २१०, त्याच्या खाली गेले तर लाल. मधला सगळा पिवळा. हे दोन आकडे मी पट्टीवर मार्करने आखून ठेवलेत, म्हणजे झोपेत गणित करावं लागत नाही. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला लावून बघू नका. उंची, वय, स्त्री-पुरुष, सगळ्याने तो बदलतो.

आता सर्वांत मोठी चूक. बरं वाटायला लागलं की लोक रोजचा पंप बंद करतात. मीही केला होता, आणि चौथ्या दिवशीची ती पहाट त्याचंच फळ. खोकला नाही, घरघर नाही, मग स्टेरॉइड कशाला, असा विचार येतोच. पण सर्दी येईल तेव्हा नळ्या शांत असाव्यात म्हणून तर तो असतो. ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा ही संस्था दम्याच्या उपचारांचे जागतिक निर्देश काढते. २०१९ पासून तिचं म्हणणं असं आहे की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या साल्ब्युटामॉलसारख्या पंपावर दमा ढकलू नये, स्टेरॉइड असलेला पंप हवाच. तुमच्याकडे एकच पंप असेल आणि तो नुसता साल्ब्युटामॉलचा असेल, तर पुढच्या भेटीत हा विषय काढा.

३. पंप खरंच छातीत जातोय का?

डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा. मी वर्षभर चुकीचा ओढत होते आणि औषध बरंचसं जिभेवर जात होतं.

दाबायचा पंप असेल तर आधी हलवा, पूर्ण श्वास सोडा, तोंडात धरा, श्वास आत घ्यायला सुरुवात करता करता दाबा आणि सावकाश, खोल ओढत राहा. मग दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखा. पावडरचा असेल तर उलट: दाबायचं काही नसतं, पण जोरात आणि खोल ओढावं लागतं. घरात दोन्ही प्रकार असतील तर हमखास घोटाळा होतो. कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवा, 'सावकाश' आणि 'जोरात'.

स्पेसर असेल तर एका वेळी एकच पफ. दोन-तीन पफ एकदम भरले की औषध आतच चिकटून बसतं. महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने धुवा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि ती औषधाचे कण ओढून घेते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

आणि तो फुस्स आवाज. औषध संपल्यावरही डब्यातला वायू बाहेर येत राहतो. वजनावरून किंवा पाण्यात तरंगतो का बघून अंदाज लागत नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या. तो नसेल तर डब्यावरची एकूण पफची संख्या बघून वहीत मोजत जा.

४. पहिली शिंक ते चौथी रात्र

विषाणू शिरल्यापासून साधारण एक ते तीन दिवसांत घसा खवखवतो. नाकाचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो. छाती बहुधा त्याच्या मागून, एक-दोन दिवसांच्या अंतराने बोलायला लागते. मधले हे दिवस म्हणजे तुमच्या हातातला वेळ.

*घसा खवखवला त्याच दिवशी:* आराखडा बाहेर काढा. रोजचा पंप एकदाही चुकवू नका. तातडीच्या पंपाचा आकडा बघा. पीक फ्लो सकाळ-संध्याकाळ सुरू करा. ॲलर्जीसाठी नाकात मारायचा फवारा चालू असेल तर तोही चालू ठेवा.

*दुसरा-तिसरा दिवस:* चार गोष्टी वहीत लिहा. रात्री खोकल्याने जाग आली का, तातडीचा पंप किती वेळा लागला, जिना चढताना धाप लागली का, आकडा किती. मला नाकावरून काही कळत नाही, जिन्यावरून कळतं. दुसऱ्या मजल्यावर पोचून एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक.

*पिवळ्यात गेलात तर:* आकडा ८० टक्क्यांच्या खाली, किंवा खोकल्याची ढास लागून झोपमोड, किंवा तातडीचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागतोय. यातलं एक जरी झालं तरी कागदावरचं पिवळं काम सुरू करा, किंवा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. "उद्या सकाळी बघू" म्हणू नका. दमा पहाटेच्या सुमारास सर्वांत जास्त आवळतो, आणि संध्याकाळचे ३०० पहाटे किती होतील ते सांगता येत नाही.

रोजचा पंप आपल्या मनाने दुप्पट करू का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. नुसतं दुप्पट करून फारसा फायदा होत नाही असं अभ्यासांत दिसलंय. २०१८ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. मोठ्यांमध्ये चौपट केल्यावर तीव्र झटके थोडे कमी झाले. ५ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये पाचपट करूनही काही उपयोग झाला नाही. काहींच्या एकाच पंपात ब्युडेसोनाइड (सूज उतरवणारं स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (स्नायू सैल करणारं औषध) दोन्ही असतात, आणि तोच रोजही आणि तातडीलाही वापरायचा असतो. त्यांचा हिशोब निराळा. म्हणून किती वाढवायचं हे आधीच कागदावर असायला हवं. तापल्या डोक्याने ठरवायची ही गोष्ट नाही.

डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर घाबरू नका. मोठ्यांना साधारण ५ ते ७ दिवस, मुलांना ३ ते ५ दिवस, एवढाच कोर्स असतो. मात्र मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करणं आणि दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धवट सोडणं, दोन्ही टाळा. आणि वर्षात दुसऱ्यांदा असा कोर्स लागला तर सर्दीला बोल लावून मोकळं होऊ नका. रोजचा उपचार कुठेतरी कमी पडतोय.

५. सर्दीच्या गोळ्या आणि घरगुती उपाय: इथे फसायला होतं

एकदा कामाच्या ठिकाणी एकीने प्रेमाने सर्दीची गोळी दिली. घ्यायच्या आधी सहज पाकिटाची मागची बाजू वाचली: पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन. प्रौढ दमेकऱ्यांपैकी शंभरात सुमारे सात जणांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्यांनी दमा उसळतो. नाकात मांसल गाठी असतील, वास येणं कमी झालं असेल, तर शंका जास्त. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. यापूर्वी आयब्युप्रोफेन विनात्रास घेतलं असेल तर प्रश्न नाही. माहीत नसेल तर सर्दीत, छाती नाजूक असताना, प्रयोग करू नका.

झोप आणणारी खोकल्याची औषधं मी घेत नाही. धाप वाढतेय हे झोपेत कळत नाही, आणि खोकला हा इथे नुसता त्रास नसतो, ती खबर असते. नाक मोकळं करणारे थेंब पाच-सात दिवसांपलीकडे घातले तर औषध बंद केल्यावर नाक आणखी चोंदतं.

हिरवा-पिवळा कफ आला म्हणजे अँटिबायोटिक हवं, हा समज फार पक्का आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या विकरामुळे येतो, नुसत्या विषाणूच्या सर्दीतही. अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही. उतरलेला ताप पुन्हा चढला, किंवा श्वास घेताना छातीत टोचायला लागलं, तर मात्र दाखवा.

वाफेने नाकाला बरं वाटतं, नळ्यांची सूज उतरत नाही. पाण्यात कापूर, निलगिरी किंवा उग्र वासाचं बाम घातलं तर काहींची छाती उलट आवळते. मुलांना तर उकळत्या पाण्यापासून लांबच ठेवा, भाजण्याचे प्रकार होतात. मिठाच्या पाण्याने नाक धुणं मला जास्त मानवतं. पाणी उकळून गार केलेलं हवं.

जाता जाता: अर्धशिशी, कंप, रक्तदाब यांसाठी दिलेली बीटा-ब्लॉकर औषधं, इतकंच काय काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा, दमा बिघडवू शकतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर "मला दमा आहे" हे पहिलं वाक्य असू द्या.

६. लाल: थांबायचं नाही

यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका:

- एका दमात वाक्य पुरं होत नाही
- तातडीच्या पंपाने आराम नाही, किंवा आराम चार तासही टिकत नाही
- पीक फ्लो निम्म्याच्या खाली
- श्वास घेताना बरगड्यांमधली, गळ्याखालची कातडी आत ओढली जाते
- ओठ निळसर, माणूस गळून गेलेला, गोंधळलेला किंवा पेंगुळलेला

लहान मुलं सांगत नाहीत. खेळ थांबतो, खाणं-पिणं सुटतं, नाकपुड्या फुलतात, पोट वरखाली होतं. सदरा वर करून छाती बघा.

सरळ बसवा, आडवं करू नका. साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर आराखड्यात बहुधा असं लिहिलेलं असतं: स्पेसरमधून एकेक पफ, दर अर्ध्या ते एका मिनिटाने, जास्तीत जास्त दहा. तरीही आराम नाही, तर रुग्णवाहिका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पंप, स्पेसर आणि पाकिटातली ती यादी सोबत घ्या.

इथे दोन फसवणुका आहेत. पहिली, घरघर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं नाही. हवाच आत-बाहेर जाईनाशी झाली तर आवाज येणार कुठून? धाप तशीच आणि छाती एकदम शांत, हे सर्वांत वाईट लक्षण. दुसरी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. ९२ किंवा त्याखाली आला तर निघाच, पण ९६ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर जोर लावून बराच वेळ आकडा टिकवून धरतं. यंत्रापेक्षा माणसाकडे बघा.

७. घरात दुसऱ्याला सर्दी झाली तर

सर्दी टाळणं पूर्ण हातात नसतं, लहान मुलं असलेल्या घरात तर नाहीच. १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या ९ ते ११ वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता. दमा उसळण्याच्या पाचपैकी चार प्रसंगांत त्यांच्या नाकात विषाणू सापडले. शाळा उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दम्याची मुलं दवाखान्यात वाढतात, हे अनेक देशांत दरवर्षी दिसतं. म्हणून सुट्टीत बंद पडलेला रोजचा पंप शाळा उघडायच्या आधीच परत रुळावर आणा.

बाकी हात साबणाने वीस सेकंद धुणं. ऱ्हायनोव्हायरसला स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर तितका चालत नाही, साबण-पाणी बरं. न धुतलेला हात नाका-डोळ्यांना लावू नका. रुमाल, टॉवेल, पेले वेगळे. फ्लूची लस दरवर्षी घ्या. ती साध्या सर्दीसाठी नाही, फ्लूसाठी आहे, आणि फ्लू दमेकऱ्याला जास्त महागात पडतो. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर हा भांडण काढण्याजोगा विषय आहे, जरूर काढा.

८. नाक थांबल्यावर

नाक आठ-दहा दिवसांत थांबतं. छाती मात्र पुढचे काही आठवडे हळवी राहते. गार हवा, हसू, पळणं, फोडणीचा ठसका, कशानेही ढास लागते. या काळात रोजचा पंप आराखड्यात लिहिलाय तोवर चालू ठेवा. स्टेरॉइडच्या गोळ्या लागल्या असतील किंवा दवाखान्यात जावं लागलं असेल तर आठवड्याभरात डॉक्टरांना परत भेटा, बरं वाटत असलं तरी. वही सोबत न्या. माझ्या वहीतल्या एका सर्दीच्या नोंदी अशा आहेत: "सोमवार, घसा, ४१०. मंगळवार, नाक, ३९०. बुधवार रात्री दोनदा जाग, ३२०, फोन केला. गुरुवार, गोळ्या सुरू, ३००. शनिवार, ३७०." डॉक्टरांनी त्या पाच ओळी वाचल्या आणि मला काही विचारायच्या आधीच आराखड्यातला पिवळा भाग बदलून दिला.

नवीन पंप आणि जास्तीच्या पंपाची मुदत, दोन्ही त्याच दिवशी बघून घ्या. माझा पीक फ्लो ४२० ला परत यायला त्या वेळी १९ दिवस लागले होते.